कलिंगडामागची बाटली

आमच्या शेडवर मला सगळे टोचणबाई म्हणतात. तोंडावर नाही, मागून. माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नाही. डुकरिणींना लस टोचणं हे माझं काम आणि माणसांना टोमणे टोचणं हा माझा छंद, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेड त्याची, हुकूम त्याचा, पण लशीच्या फ्रीजपाशी त्याचंही काही चालत नाही.

तो फ्रीज शेडच्या ऑफिसात आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली डुकरिणींची कार्डं. फ्रीजच्या दारावर माझ्या अक्षरात कागद चिकटवलेला आहे: ‘यात खाण्यापिण्याचं काहीही ठेवू नये. हे सर्वांना लागू आहे.’ ‘सर्वांना’च्या खाली दोन रेघा आहेत. एकदा दादाने त्यात दुधाची पिशवी ठेवली होती. मी ती काढून बाहेर कट्ट्यावर उन्हात ठेवली. दूध नासलं, दादा चार दिवस बोलला नाही, पण पुन्हा कुणी फ्रीजला हात लावला नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण तेव्हा मला दुसऱ्यांसाठीच आहे असं वाटायचं.

लशीचं थोडं सांगते, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. डुकरांत एक विषाणूची हगवण येते. मोठ्या जनावराला ती दोन-चार दिवस छळते आणि सोडून देते. पण आठवड्याच्या आतलं पिल्लू असेल तर ते दूध ओकतं, पिवळं पाणी हगतं आणि दोन-तीन दिवसांत वाळून मरतं. पिल्लाला लस टोचून उपयोग नसतो, तेवढा वेळच नसतो. म्हणून लस द्यायची ती आईला, ती गाभण असताना. पोटातल्या पिल्लाला ती ताकद पोचत नाही. जन्मल्यावर आईचा चीक पोटात गेला आणि पुढे दूध जात राहिलं, की त्यातून पोचते. दोन डोस असतात. आमचे जनावरांचे डॉक्टर म्हणतात, पहिल्या डोसाने नुसती ओळख होते, खरी ताकद दुसऱ्याने येते. तो व्यायच्या दोन आठवडे आधी गेला पाहिजे. आणि लस थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं: गोठल्यास वापरू नये.

दुसऱ्या डोसाच्या आठवड्यात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. येताना रस्त्यावर एक माणूस कलिंगडं विकत बसला होता. मी एक घेतलं, चांगलं मोठं. घरचा फ्रीज भरलेला. म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे, शेडवर आज दादा नाही, वहिनी डुकरिणींच्या बाळंतघरात आहे, कोण बघतंय? लशीच्या फ्रीजमधला मधला कप्पा रिकामा केला, लशीची बाटली मागे सरकवली आणि कलिंगड आत ढकललं. दार लागेना, म्हणून अजून ढकललं. दुपारी ते काढलं, कापलं आणि आम्ही दोघींनी ऑफिसात बसून खाल्लं. वहिनीने तीन फोडी खाल्ल्या. म्हणाली, इतकं गार कुठून आणलंस गं? मी म्हटलं, माझी गुपितं आहेत.

बाटली मी पुढे घेतली नाही. विसरले. इतकं साधं आहे ते.

दुसऱ्या दिवशी आठ डुकरिणींना दुसरा डोस द्यायचा होता. खरं तर सात. आठवी हेडबाई. हे नाव वहिनीने ठेवलेलं. ती डुकरीण कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, आणि तिच्या नजरेसमोर इतर डुकरिणीही गप्प उभ्या राहायच्या. तिचं मी आदल्या संध्याकाळीच उरकलं होतं. मी शेजारच्या शेडवरही लस टोचायला जाते. तिथून परतताना माझ्या बर्फाच्या डब्यात एक डोस उरला होता, आणि हेडबाई नेमकी खाण्यात तोंड घालून उभी होती. अशी संधी वर्षातून एकदा येते. कानामागे सुई टोचून, तिने मान वळवायच्या आत मी बाहेर. कार्डावर मात्र मी तिचीही तारीख इतर सातजणींचीच लिहिली. सगळ्यांची एक तारीख असली की बघायला बरं पडतं.

तर सकाळी बाटली काढायला गेले, तर ती मागच्या बर्फाच्या भिंतीला चिकटलेली. ओढून काढली. आतलं पांढरं औषध दगडासारखं झालेलं. मी दार बंद केलं. कुणी बघत नव्हतं, तरी बंद केलं.

तेव्हा काय करायचं हे मला पाठ होतं. बाटली फेकायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. त्यांनी दोन दिवसांत कुठून ना कुठून दुसरी आणली असती, फार उशीर झाला नसता. पण डॉक्टरांनी पहिलं विचारलं असतं, गोठली कशी? दादाने विचारलं असतं. आणि दारावर तो कागद, खाली दोन रेघा. मी बाटली काखेत धरली आणि खुर्चीवर बसून राहिले. अर्ध्या तासाने ती पातळ झाली. हलवून उजेडात धरली तर तळाशी बारीक कणी बसत होती. अजून जोरात हलवली. मनाशी म्हटलं, काहीच न देण्यापेक्षा हे बरं. मग जाऊन सातही जणींना टोचली. त्यातली एक, लांबकानी, नेहमी टोचल्यावर माझ्या हाताला नाक लावते. त्या दिवशीही तिने लावलं.

आता वहिनीचं सांगते. ती घरात आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी दुखणी तिने काढली, माझ्या जिभेला हाड नाही हे तिने पहिल्या आठवड्यात ओळखलं आणि तरी लाड केले. बाळंतघर तिचं राज्य. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा डुकरिणीच्या गाभणपणाचा हिशेब असतो, पण वहिनीला कार्ड बघावं लागायचं नाही. डुकरिणीच्या श्वासावरून ती सांगायची, ही आज दुपारी व्यायला बसेल. पिल्लू बाहेर आलं की तोंड पुसून, घासून कोरडं करून ते सडाला लावायची. अशक्त पिल्लाला स्वतः धरून चीक पाजायची. दादा म्हणायचा, शेड माझी असेल, पण पिल्लं हिची आहेत.

डुकरिणी व्यायला लागल्या त्या आठवड्यात वहिनीची बहीण आजारी पडली. वहिनी एका दिवसासाठी तिच्याकडे जाऊन आली. बहिणीकडेही चार डुकरं आहेत. एकदोघांची पोटं बिघडली होती, पण मोठ्या जनावरांचं कोण मनावर घेतं? वहिनी त्यांना पाणी पाजून आली, आणि परत आली तेव्हा लांबकानीचं पिल्लू अडलं होतं, ती कण्हत होती. वहिनी होती तशी आत धावली. दाराशी औषधाच्या पाण्याची कुंडी आहे, गमबूट बदलायची जागा आहे. तिने काही केलं नाही. पिल्लू सोडवलं, मग सवयीने एकेका खणात जाऊन सगळ्यांची पिल्लं बघितली. फक्त हेडबाईच्या खणात शिरली नाही, कारण हेडबाई गुरगुरत होती.

तिसऱ्या दिवशी लांबकानीची पिल्लं ओकायला लागली. चौथ्या दिवशी सगळीकडे तेच. पिल्लं आईच्या पोटाला टेकून थरथरत उभी राहायची, मग आडवी व्हायची. आम्ही साखरमिठाचं पाणी पाजलं, दिवे लावले, खण कोरडे केले. वहिनी एकेक पिल्लू छातीशी धरून चमच्याने पाणी पाजत होती. आठवडा संपला तेव्हा सात डुकरिणींच्या चौऱ्याहत्तर पिल्लांतली सहा उरली होती. हेडबाईची अकरा होती, त्यातली नऊ जगली.

डॉक्टर सगळं बघून ऑफिसात येऊन बसले. म्हणाले, लस दिली तरी थोडी पिल्लं जातात, पण असं सरसकट होत नाही. त्यांनी कार्डं पाहिली. आठहीजणींची एकच तारीख. मग माझ्याकडे बघून विचारलं, “लस व्यवस्थित होती ना?”

“माझ्या फ्रीजमध्ये होती, डॉक्टर,” मी म्हटलं.

ते मान हलवून म्हणाले, म्हणजे तो प्रश्नच नाही. इतकी वर्षं कमावलेलं नाव असं कामी आलं. मग ते म्हणाले, हे एकच वेत कसं वाचलं ते कळत नाही, तिच्या बाबतीत काही वेगळं केलं होतं का?

मला उत्तर माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. मी जीभ उचलायच्या आत दारात उभी असलेली वहिनी बोलली.

“तिच्या खणात मी गेले नव्हते,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांच्या गेले. बहिणीकडून आले ती तशीच. बूट न धुता.”

डॉक्टरांनी कार्डं जागेवर टांगली. दादा जमिनीकडे बघत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला की यापुढे तू आत जाऊ नकोस. वहिनी बरं म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिली. रोग तिच्या बुटांनी आत आला असेल, नाकारत नाही. पण तो आत येऊ शकतो हे धरूनच तर लस असते. आईच्या दुधात ताकद असती तर वहिनीच्या एका घाईने एवढी पिल्लं गेली नसती. तिची घाई एका अडलेल्या पिल्लासाठी होती. माझी घाई कलिंगडासाठी होती.

त्यानंतर बारा दिवस मी गप्प बसले. बारा दिवस जेवले, झोपले, शेजारच्या शेडवर जाऊन लस टोचून आले. वहिनी घरात असायची. तिला घरात असायची सवयच नव्हती. सकाळी उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची. हात धुऊन धुऊन तिची बोटं सोलवटली. आणि रोज संध्याकाळी, मी कामावरून आले की भाजी निवडता निवडता ती मला विचारायची, “माझ्यामुळेच झालं ना गं?”

मी म्हणायचे, “होऊन गेलं, वहिनी. माणूस आहे, चुकतो.”

मी तिला धीर देत होते. खरंच मला तसं वाटायचं. तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, तिचं डोकं चेपून द्यायचे, तिला जबरदस्तीने दोन घास खायला लावायचे. दादा माझ्याकडे कौतुकाने बघायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला खवखवायचं आणि तरी मी खात राहायचे.

मग दादाने बाहेरून एक बाई ठरवली. सोमवारपासून बाळंतघर तिच्याकडे. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, बरं झालं, पुढची तुकडी व्यायला आलीच आहे. मग उठून कपडे वाळत घालायला गेली. एकच चादर तिने तीनदा दोरीवरून काढली आणि पुन्हा टाकली.

रविवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी बोलले. म्हणजे बोलले असं म्हणायचं. म्हटलं, वहिनी, दोष तुझा नाही, माझा आहे, लस खराब झाली होती. भाजी निवडता निवडता ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता.

ती म्हणाली, “लहान होतीस तेव्हा मी फोडलेला दादाचा कप तू स्वतःवर घेतला होतास. अजून तशीच आहेस.”

मी म्हटलं, खरं सांगतेय. ती म्हणाली, तुझ्या फ्रीजमध्ये लस खराब होईल? दारावर तो कागद लावणारी तू? मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि माझ्यासाठी चहा टाकला.

आणि मी तो प्यायले. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला हलकं वाटलं. मी सांगून टाकलं होतं, तिने मानलं नाही, आता माझा काय दोष? त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले आणि दादाची थट्टाही केली.

सोमवारी नवी बाई आली. वहिनी तिला घेऊन बाळंतघराच्या दारापर्यंत गेली, कुंडीच्या अलीकडे थांबली आणि तिथूनच बोट दाखवून सांगायला लागली. ही लाजाळू आहे, हिच्याकडे मागून जायचं नाही. हिच्या डावीकडच्या मागच्या सडाला दूध नाही, तिथं पिल्लू लावायचं नाही. लांबकानी व्याली की घाबरते, तिच्याशी बोलत राहायचं. दादा आणि मी मागे उभे होतो. मग वहिनी त्या परक्या बाईला म्हणाली, आत जाताना बूट धुतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, मी टाकलं आणि अडुसष्ट जीव गेले. असं सांगताना तिचा आवाज हलला नाही. तिने ते घोकून ठेवलं असावं.

आणि मग ती माझ्याकडे वळून हसली. “आणि काही अडलं तर हिला विचार. माझी नणंद फार गुणाची. माझा दोष स्वतःवर घ्यायला निघाली होती.”

मी म्हटलं, गुणाची नाही. मग मी सगळं सांगितलं, चांगुलपणासाठी कुणी रचून सांगणार नाही असं. कलिंगड मधल्या कप्प्यात मावेना म्हणून बाटली मागे ढकलली. ती काखेत धरून पातळ केली. तळाशी कणी होती. हेडबाईला आदल्या दिवशी दुसऱ्या बाटलीतला डोस दिला होता आणि कार्डावर खोटी तारीख लिहिली. म्हणून तिची पिल्लं वाचली, तू तिच्या खणात गेली नाहीस म्हणून नाही.

दादा म्हणाला, “कलिंगड?” एवढंच.

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला ते कलिंगड आठवलेलं मला दिसलं. तीन फोडी. इतकं गार कुठून आणलंस गं.

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“मी बूट धुतले नाहीत, ती चूक माझीच. लस गोठली, तीही चूकच. चुका होतात.” ती थांबली. तिची सोलवटलेली बोटं एकमेकांत अडकली होती. “पण मी तुला रोज विचारत होते. माझ्यामुळेच झालं ना गं, असं. रोज. तू एकदा तरी नाही म्हणायचंस.”

वहिनीने कुंडीत पाय बुडवले, बूट बदलले आणि आत गेली. तिला कुणी अडवलं नाही. नवी बाई बाहेर तशीच उभी राहिली. मग दादाने तिला चारा-पाण्याचं काम दिलं आणि ऑफिसात जाऊन स्वतः डॉक्टरांना फोन केला.

याला आता पाच महिने झाले. दादा अधूनमधून ओरडतो, त्याचं मला बरं वाटतं. लस अजून मीच टोचते, डॉक्टर येऊन फ्रीज तपासून जातात. वहिनी माझ्याशी बोलते. ताट वाढते, ऊन लागेल म्हणून डोक्याला रुमाल बांध म्हणते. तिने मला कधी एक कडू शब्द ऐकवला नाही. फक्त ती आता मला काही विचारत नाही. काल लांबकानीची पिल्लं दोन दिवसांची होती आणि त्यातल्या एकाचं पोट जरा ढिलं वाटत होतं. मी वहिनीच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर उभी होते. तिने पिल्लू उजेडात धरून नीट पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला.